तीळ आणि तांदूळ

सन एकोणीसशे एकोणनव्वद. भाताच्या रोवणीचे दिवस होते आणि बायकांच्या वॉर्डात पुनी लांजेवार माझ्या नावाने ओरडत होती.

"ए सुईबाई! तिकडंच राह्य. जवळ नोको येऊ."

"जवळ आल्याशिवाय सुई कशी टोचू?"

"त्याले टोच." तिने खिडकीत बसलेल्या मांजराकडे बोट दाखवलं. "ते बी परवापासून इथीच हाये. त्याले कोनी टोचत नाई."

"त्याचे गुडघे नाही दुखत."

"तुले का माहीत? इचारलं का त्याले?"

आठ वर्षांची पोर. डोळे हळदीसारखे पिवळे, गुडघे सुजून नारळाएवढे झालेले, अंगात ताप, आणि जीभ मात्र ठणठणीत. आईच्या मागे मागे शेतातल्या बांधीत उतरली होती. दिवसभर गार पाण्यात पाय बुडवून मोठ्या बायांसारखे भाताचे पऱ्हे लावले आणि संध्याकाळी हातपाय धरून बसली. बापाने बैलबंडी जुंपून आमच्याकडे आणली.

आमचा दवाखाना म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका ट्रस्टने चालवलेली बसकी कौलारू इमारत. मी तिथे ऐन तारुण्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता ती इमारत नाही. पण डोळे मिटले की त्या वॉर्डातला फिनेलचा आणि ओल्या लुगड्यांचा मिसळलेला वास मला अजून येतो.

पुनीची आई अनसूया खाटेच्या कडेला जमिनीवरच बसायची. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. तिचा एक हात कायम चादरीच्या आत असायचा, पोरीच्या पायावर. कळ गुडघ्यातून पोटरीत उतरली की हातही उतरायचा. पुनीने "तिथे" म्हणायच्या आत तो तिथे पोचलेला असायचा.

दुपारी सासू यायची, सरूबाई. डबा ठेवायची, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि मग सुनेकडे न पाहता सुनेबद्दल सुरू करायची.

"शिस्टर, आमच्या घरात कोनालेच हे हाडाचं दुखनं नाई. माह्या सासऱ्यानं मरेपर्यंत नांगर हाकला. हे हिच्या माहेरचं रगत हाये. नऊ वर्सं पोर झालं नाई, न झालं तं असं झालं."

"मामी, च्या पेता का?" अनसूया विचारायची. आमच्या भागात सासूला मामी म्हणतात.

"पेतो. साखर जास्त टाकजो."

एवढंच. मला वाटायचं, बाई उलटून एक शब्द कसा बोलत नाही?

त्या वर्षी आमच्याकडे डॉक्टर कोलते नवीन आले होते. पुण्याकडचे, बारीक अंगाचे, सायकलवर फिरणारे. रक्ताचा हा आजार, ज्याला आता सगळे सिकलसेल म्हणतात, त्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. हा आजार कसा येतो हे प्रत्येक घराला कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. ते समजावून सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, मला सांगू द्या," आणि स्वयंपाकघरातून मूठभर तीळ आणि तांदूळ घेऊन आले. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

पुनीच्या खाटेवर मी चादर सारखी केली आणि दाणे मांडले. सरूबाई, अनसूया, पुनीचा बाप बळीराम आणि शेजारच्या खाटांवरच्या दोघी-तिघी, सगळे वाकून बघू लागले.

"प्रत्येक माणसाकडे दोन दाणे असतात," मी म्हटलं. "दोन्ही तांदूळ, तर काहीच नाही. एक तांदूळ, एक तीळ, तरी त्या माणसाला त्रास नसतो. नांगर हाकतो, बाजार करतो, त्याला पत्ताही नसतो. पण मूल होतं तेव्हा आई आपल्यातला एक दाणा त्याला देते आणि बाप एक देतो. कोणता जाईल ते कुणाच्या हातात नाही. दोघांकडूनही तीळच आला, तर मूल आपल्या पुनीसारखं."

"म्हंजे माझ्यात दोन तीळ हायेत?" पुनीने विचारलं.

"हो."

"एक मायचा न एक बाबाचा?"

"हो."

तिने जरा विचार केला, चादरीवरचे दोन्ही तीळ बोटाने टिपले आणि तोंडात टाकले. "आता नाई राह्यले."

सगळा वॉर्ड हसला. सरूबाईंनाही हसू आवरेना. अनसूया तेवढी हसली नाही. तीळ होते त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. लेकराची काळजी, मला वाटलं.

"मग आई-बापाचं रक्त तपासून घेऊ," डॉक्टर म्हणाले.

तपासणीची आमची एक रीत होती. औषधाच्या पाण्याने भरलेल्या बारीक काचेच्या नळीत बोटातलं थेंबभर रक्त टाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेलं कार्ड धरायचं. रक्त साफ असेल तर पाण्यातून रेघा स्वच्छ दिसतात. तीळ असेल तर पाणी गढूळ होतं आणि रेघा बुडतात. ज्याचं रक्त त्यालाच आम्ही बघायला लावायचो. लोकांचा दवाखान्याच्या सांगण्यावर विश्वास नसे, स्वतःच्या डोळ्यांवर असे. बघताना जवळ कोणाला ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बळीरामने आईला जवळ ठेवलं. त्याच्या रेघा बुडाल्या.

"नळी मळकी असन," सरूबाई म्हणाल्या. मी दुसरी नळी घेतली. तीही गढूळ झाली. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, खिडकीशी नेलं, उलटं करून पाहिलं. बळीराम खाली मान घालून उभा होता, जसा काही चोरीत सापडला.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "एक तीळ ह्याचा. दुसरा तं हिचाच ना?"

हिशेब बरोबर होता. मी मान हलवली.

अनसूया मात्र पुढे येईना. आज पोरीला भरवायचंय, उद्या करू. उद्या म्हणे अंगात कणकण आहे. सुईला भिणारी ती नव्हती. बांधीत पायाला चिरा पडल्या तर बिब्बा घालून कामाला लागणाऱ्या बायका त्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड जेवून सुस्तावला होता तेव्हा ती आपणहून माझ्या खोलीच्या दारात आली.

"शिस्टर, काढा रगत. कोनी नाई सोबत."

मी बोट टोचलं, थेंब नळीत सोडला. ती स्टुलावर बसून नळीकडे अशी बघत होती, जसं कोणी चुलीवरच्या दुधाकडे बघतं. वेळ झाली. मी कार्ड धरलं.

रेघा लख्ख दिसत होत्या. एकूण एक.

मला वाटलं औषध शिळं झालं. नवीन कालवलं, पुन्हा थेंब घेतला. पुन्हा तेच. त्या खोलीत मी कितीतरी लोकांना रेघा दाखवल्या होत्या. दिसल्या की लोक हात जोडायचे, कोणी नळीलाच नमस्कार करायचं. एका म्हाताऱ्याने तर मला पाच पेढे आणून दिले होते.

"दिसून राह्यल्या," अनसूया म्हणाली. आवाज असा, की कोणाचं तरी प्रेत दिसलं असावं.

मी कार्ड खाली ठेवायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"शिस्टर, अजून एकडाव करा ना. बुडतीन."

"दोनदा केलं, अनसूयाबाई."

तिने पदर तोंडाशी धरला. बाहेर कोणीतरी बादली ओढत गेलं. तो आवाज लांब गेल्यावर तिने विचारलं,

"हे कोनाले सांगनं लागते का?"

"नाही. ज्याचं रक्त, त्याचीच गोष्ट. तुम्हाला सांगितलं, माझं काम संपलं."

"न डॉक्टरसाहेब?"

"त्यांना कळणार. पण तेही तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला सांगणार नाहीत. नियमच आहे तसा."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मी तिची माय आहो, शिस्टर."

"मी कुठे नाही म्हटलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मग वॉर्डाकडून पुनीची हाक आली, "माय, पाय!" आणि ती धावली.

कोलते डॉक्टर तपासणीत ढिलाई करणारे नव्हते. नळी क्वचित फसू शकते, रक्तात दुसराच एखादा दोष असला तर, म्हणून त्यांनी अनसूयाला विचारून तिचा नमुना नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. आठवडाभरात उत्तर आलं. तीळ नाही, दुसरा दोषही नाही. दोन्ही दाणे तांदळाचे.

"सिस्टर, ही मुलगी त्या बाईंच्या पोटची नाही."

"सर, हळू."

त्यांनी उठून दार लावलं. "मला कोणाच्या घरात डोकवायचं नाही. पण ऐका. जिने हिला जन्म दिला, तिच्याकडे तीळ आहे आणि तिला ते माहीत नाही. कदाचित तिला आणखी मुलं होतील. त्यातलं एखादं पुनीसारखं निघालं आणि साध्या तापाने गेलं, तर का गेलं हेही कळणार नाही तिला. जन्मतःच कळलं तर औषध देऊन वाचवता येतं. ते मूल आपलं पेशंट नाही का?"

ते खरंच होतं. आजही मला ते खरंच वाटतं.

"त्या बाईंना विचारा," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलतील."

"विचारलं म्हणजेच सांगितलं, सर. आपण ओळखलंय हे तिला कळेल. मग ती पोरीला घेऊन रातोरात निघून जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. पुनीचं काय मग?"

ते खिशातलं पेन काढून टोपण उघडझाप करत राहिले. "पुनीला सुटी देईपर्यंत थांबतो," शेवटी म्हणाले. "त्यापुढे मला थांबता येणार नाही."

पुनीचा ताप उतरला होता. सुटी दोन-तीन दिवसांवर आली होती.

आणि दुसऱ्याच दिवशी कुसुम आली. बळीरामची धाकटी बहीण. पंचवीस-सव्वीसची असेल, गोरीगोमटी, हातभर हिरव्या बांगड्या, सातवा महिना. शेजारच्या तालुक्यात दिली होती. डोहाळजेवणाला, वाडी भरायला माहेरी आली आणि भाचीचं कळलं म्हणून मुरमुऱ्याचे लाडू घेऊन आईबरोबर दवाखान्यात आली.

"आत्या, तुहं पोट तं मडक्यासारखं झालं!" पुनी म्हणाली. "आत भाऊ हाये का बहीन?"

"तुले काय पायजे?"

"भाऊ. बहीन आली तं माह्या बांगड्या घेईन."

कुसुम हसली, खाटेवर बसली आणि पुनीचा पाय दाबू लागली.

"तिथे नाई, आत्या."

तिने हात सरकवला.

"तिथे बी नाई. तुले नाई जमत. मायले येते."

कुसुमने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. अनसूयाने पलीकडून चादरीत हात घातला.

सरूबाई लाडू वाटता वाटता लेकीला सगळं सांगत होत्या. तीळ काय, तांदूळ काय, बळीरामची नळी कशी गढूळ झाली. "न आता वैनीचं बी रगत काढलं तुह्या."

"वैनीचं?" कुसुम एकदम उभी राहिली. "वैनीचं काहून काढलं?"

"काहून म्हंजे? माय नाई का ते पोरीची?"

"पन वैनीचं कायले... वैनीले काय करायचं..." तिचा आवाज चिरकला. तिने खाटेची लोखंडी दांडी धरली. बांगड्या दांडीवर वाजत होत्या.

"अवो, हात नोको कापवू. अशा दिवसांत भेऊ नाई," शेजारची बाई म्हणाली. सगळ्यांना वाटलं, पोटुशी बाई, रक्ताचं नाव ऐकून घाबरली.

मी पलीकडच्या खाटेची चादर बदलत होते. मान वर केली तर अनसूया माझ्याकडेच बघत होती. मी चादरीची घडी घातली आणि बाहेर गेले.

ती हापशावर माझ्या मागोमाग आली. हातात जेवणाचा डबा, धुवायला म्हणून. मी हापसत होते, ती घासत होती. आधीच घासलेला डबा ती पुन्हा घासत होती.

"मी तुम्हाला काही विचारत नाही," मी म्हटलं. "एक गोष्ट सांगते, उत्तर नको. पोटात बाळ असलेल्या बाईकडे तीळ असेल, तर बाळ जन्मल्यावर त्याला तपासायला लागतं. लवकर कळलं तर औषध आहे. नाही कळलं तर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच तापाने दगावतात पोरं."

डबा तिच्या हातात थांबला.

"पुनीच्या टायमाले मी माहेरी गेलतो," ती म्हणाली. "नणंद सोबत होती, माह्या मदतीले. गावात सगळ्याईले असंच माहीत हाये."

मी हापसत राहिले.

"लगन नोतं झालं तिचं. ज्यानं वचन देल्लं तो पळून गेला. कुसुम जीव देतो म्हने. तलावावर गेली होती. यायनंच आनली तिले वापस, न यायनंच बंडी जुपली आम्हा दोघीसाठी." नवऱ्याबद्दल बोलत होती ती. "मामीले आजपर्यंत माहीत नाई. पोटात नाई वाढवली मी. बाकी सगळं मीच केलं, शिस्टर."

"ते रोज बघते मी."

"कुसुमच्या घरी कळलं तं ते जीतं नाई ठेवनार तिले. न पुनीले लोक काय म्हनतीन?"

"माझ्याकडून कळणार नाही. डॉक्टरांकडूनही नाही. पण ते बाळ..."

"थांबा." तिने डबा खाली ठेवला. कपाळावरचा घाम कोपराने पुसला. "यायच्या रेघा बुडाल्या. म्हंजे यायच्या भैनीच्या बी बुडू शकते ना?"

"बुडू शकतात. एकाच आईबापाचे दाणे."

"मंग तिले यायच्यासाठी तपासता येते. पुनीसाठी नाई."

मला समजायला क्षणभर लागला. एवढे दिवस मी आणि डॉक्टर डोकं खाजवत होतो.

"येतं," मी म्हटलं. "पण मग कोणीतरी विचारेल, बळीरामचा एक तीळ. पुनीचा दुसरा कोणाचा?"

तिने डबा उचलला, पाणी झटकलं, झाकण लावलं.

"तो माहा."

वॉर्डात शिरलो तेव्हा सरूबाई वाटच बघत होत्या. खाटेजवळ कुसुम भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढराफटक. कोलते डॉक्टर राउंड घेत दाराशी आले होते.

"शिस्टर, लपवून नोका ठेवू आता," सरूबाई मोठ्याने म्हणाल्या. "हिचं काय निघालं?"

"ज्याचं त्याला सांगितलंय, आजी. तुमच्या सुनेला विचारा."

सगळ्या माना अनसूयाकडे वळल्या. तिने पदर डोक्यावर घेतला.

"माहं बी बुडालं, मामी. माह्या बी रेघा नाई दिसल्या."

"पाह्यलं?" सरूबाईंनी टाळी वाजवली. "मी म्हनत होतो का नाई! तुह्या माहेरचं रगत..."

"हाव. एक तीळ माह्या माहेरचा. पन एक तुमच्या घरचा हाये." तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "भावात निघाला तं भैनीत बी असन. कुसुमबाईचं रगत काढा, शिस्टर. तिच्या पोटात लेकरू हाये."

"माह्या पोरीले काहून? ते धडधाकट हाये!"

"पुनीचे बाबा बी धडधाकटच हायेत, मामी."

डॉक्टर दारातच थांबले होते. नागपूरचं उत्तर त्यांनी स्वतः वाचलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, अनसूयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांनी त्याची घडी केली आणि खिशात घातला.

"बरोबर बोलताहेत त्या," ते म्हणाले. "भावाचं निघालं, तर बहिणीचं तपासायला हवं. आणि बाळ झालं की त्याचंही."

कुसुम भिंतीवरून सरकत खाली बसली. "वैनी," एवढंच म्हणाली.

"अवो, रडता कायले?" अनसूया तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिच्या बांगड्या सारख्या करू लागली. "बोटाले जरासं टोचते. तुमची भाची नाई रडत एवढी."

"मी रडतो," पुनी खाटेवरून म्हणाली. "पन मले दोन तीळ हायेत. आत्याले एकच असन."

कुसुमच्या रेघा बुडाल्या. सरूबाईंनी या वेळी नळी खिडकीशी नेली नाही. त्या बाकावर टेकल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "म्हंजे हे माह्याकडून आलं का, त्याच्या बापाकडून?"

"तुमचं बोट द्या, सांगते."

"नोको बाई," त्या म्हणाल्या आणि हात लुगड्यात लपवला. "बापाकडूनच असन."

कुसुमला कार्तिकात मुलगा झाला. डॉक्टरांनी त्याचं रक्त नागपूरला पाठवलं तर त्यालाही दोन तीळ निघाले. तिच्या नवऱ्यातही एक होता. पण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. औषध चुकलं नाही, तापाला कधी घरी थांबवलं नाही. तो आज तुमसरला वीजमंडळाच्या कचेरीत आहे. जाड भिंगाचा चष्मा लावतो आणि थंडीत दोन स्वेटर घालतो. त्याने पुनीला दिवाळीत बांगड्या पाठवल्या नाहीत असं एक वर्ष गेलं नाही. कुसुम त्याच्याकडेच असते.

कोलते डॉक्टर आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिले. मग गुडघ्यांनी सायकल सोडायला लावली आणि ते पुण्याला मुलीकडे गेले. मध्यंतरी ते वारल्याचं कळलं. त्या दुपारबद्दल ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त नवीन नर्सा आल्या की त्यांना सांगायचे, "निदान आपलं, पण रक्त पेशंटचं."

सरूबाई म्हाताऱ्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत सुनेच्या माहेरच्या रक्ताला नावं ठेवायच्या आणि शेवटपर्यंत तिच्याच हातचा जास्त साखरेचा चहा प्यायच्या. बळीराम एका उन्हाळ्यात शेतातून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला.

पुनी जगली. किती वेळा रक्त चढवलं, किती वेळा वाटलं आता संपलं, पण ती माझ्या अंगावर ओरडून उठून बसायची. गावातच अंगणवाडीत लागली. लग्न केलं तेव्हा आधी मुलाची नळी बघितली, रेघा लख्ख दिसल्या, मगच हो म्हणाली. तिला एक मुलगी आहे. गावातल्या नव्या सुनांना बसवून ती तीळ आणि तांदूळ मांडून दाखवायची. माझ्यापेक्षा छान सांगायची. फक्त शेवटी तीळ खात नसे.

अनसूया साठी ओलांडल्यावर आजारी पडली. पोटात गाठ निघाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेले होते. केस पांढरे झालेले, हात काटकुळे. पुनी उशाशी बसून संत्रं सोलत होती. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. आता नळ्या आणि कार्डं नाहीत, मशीनच सगळं छापून देते. त्या कागद वाचत हसतमुखाने म्हणाल्या,

"तुमच्या आईंचं ऑपरेशनच्या आधी सगळं तपासलं. एक चांगली गोष्ट आहे. सिकलसेलचा अंशसुद्धा नाही त्यांच्या रक्तात." मग त्यांनी पुनीच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण तुम्हाला तर... मग ते..."

अनसूयाने डोळे मिटले.

जिने गावच्या सगळ्या सुनांना तीळ आणि तांदूळ शिकवले, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुनीने संत्र्याची एक फोड सोलली, तिच्यातल्या बिया काढल्या, वरचे पांढरे धागे काढले. सावकाश. आणि ती फोड आईच्या ओठांत ठेवली.

"तुमची मशीन चुकली असन, मॅडम," ती म्हणाली. "माह्या मायच्या बी रेघा बुडाल्या होत्या. मी तिथेच होतो, खाटेवर. मायनं सोताच सांगतलं होतं."

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलणार होत्या. पुनीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती.

अनसूयाने डोळे उघडले नाहीत. तिचा काटकुळा हात तेवढा चादरीतून बाहेर आला, चाचपडत पुनीच्या मांडीवर गेला, खाली सरकला आणि डाव्या गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीजवळ थांबला.

"तिथेच," पुनी म्हणाली.